हरल्याच्या दुसऱ्या दिवशी

आज सकाळी आठवडी बाजारात मेथीच्या ओल्या जुड्यांचा वास आला आणि मी, आता आमदार असूनही, क्षणभर पुन्हा हरलेली उमेदवार झाले.

पहिल्या निवडणुकीच्या निकालानंतर बाबा म्हणाले होते, "चार दिवस घरीच राय." पण दुसऱ्याच दिवशी मी जळगाव जामोदकडची बस धरली आणि वाटेतल्या बाजाराच्या गावी उतरले. मतदारांचे आभार मानायचे होते. मेथी विकणाऱ्या एका मावशींपुढे हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "म्या तुले मत नाही देल्लं वं."

"काऊन, मावशी?"

"तू धरनाचं बोलली, रस्त्याचं बोलली. आम्ही बाया इथं दिवसभर पानी पेत नाही, मोकळं व्हाले जागा नाही म्हनून. तू तं बाईमानूस, तुले दिसलं नाही?"

तेव्हा ते बोलणं पराभवापेक्षा जास्त लागलं. आज वाटतं, त्या सगळ्या धामधुमीत माझ्याशी खरं बोललेलं ते एकच माणूस. त्यांच्याच पोत्यावर बसून मी अर्ज लिहिला, बायांच्या सह्या, अंगठे घेतले आणि तडक पंचायत समितीत गेले.

"तुम्ही तर हरल्या ना?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"हो. अर्ज घ्या."

त्या बाजारात बायांसाठी स्वच्छतागृह बांधून झालं, तेव्हाही मी आमदार नव्हते.