संजूचा मेल

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. संजूला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते फक्त तिलाच.

कोरियातली एकत्र गाणारी-नाचणारी ती पाच पोरं तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. आज घरोघरी ज्यांची गाणी वाजतात, त्या कोरियन पोरांचे ते आजोबाच म्हणा. आम्ही पाळण्यात होतो तेव्हा तिकडच्या पोरी शाळा बुडवून त्यांच्यामागे धावायच्या. पाच वर्षं लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि मग एक दिवस फुटले. तिघं एकीकडे, दोघं दुसरीकडे. कॉलेजात असताना ते जुने व्हिडिओ लावून आम्ही नाचायचो, गांधीबागेत आमच्या कापडाच्या दुकानावरच्या गच्चीवर. संजू कन्हानहून बसने यायची. ती त्यांचा म्होरक्या व्हायची, मी सगळ्यात धाकटा. बोलणं त्यांच्या फुटण्यापाशी आलं की संजू दर वेळी चिडायची. "एकमेकायच्या तोंडावर सांगाले काय झालं होतं त्यायले?"

मीही मान डोलवायचे. किती सहज!

मग दिल्लीची स्पर्धा निघाली. त्यांच्या गाण्यावर एकटीनं नाचायचं, व्हिडिओ पाठवायचा. दोघींचे फॉर्म मीच भरले, माझ्याच मेलवरून — संजूचा फोन भावाच्या हातात असायचा. एका मंगळवारी निकालाचा मेल आला. संजूची निवड झाली होती. माझी नाही. सात दिवसांत होकार कळवायचा होता.

खरं सांगू? वाईट नंतर वाटलं, आधी राग आला. गच्ची माझी, स्पीकर माझा, स्टेप्स मी बसवलेल्या — आणि निवड हिची? जळले मी. दुसरा शब्द नाही त्याला.

ते सात दिवस ती रोज आली. चप्पल काढता काढता विचारायची, "आला काय वं मेल?" मी म्हणायचे, "नाही वं." रोज वाटायचं, उद्या सांगू. सहाव्या दिवशी तर तोंड उघडलंही होतं — आणि मी तिच्याकडे पाणी मागितलं.

आठव्या दिवशी म्हटलं, दोघींचंही नाही झालं. ती माझ्या गळ्यातच पडली. माझीच समजूत काढायला लागली हो! "रडू नको वं. आपली जोडी तर नाही फुटली ना?"

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्यानंतर नाचायला कधीच आली नाही. आज हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, पहाटेच कंपनीची बस पकडते.

मागच्या रविवारी मात्र धावत माझ्या घरी आली. ती पाच पोरं पुन्हा एका मंचावर आली होती, त्याचा व्हिडिओ दाखवायला. पोटं सुटलेली, दोन कडव्यांत धाप लागलेली. संजूच्या डोळ्यांतून धारा. मग डोळे पुसून तिनं ओढणी कमरेला बांधली आणि माझ्या हॉलमध्ये सोफा सरकवून पूर्ण गाणं नाचली. इतक्या वर्षांनी — आणि एक स्टेप चुकली नाही. मी पाहतच राहिले. त्या वेळीही ती अशीच नाचायची, आणि मला ते तेव्हाही दिसत होतं.

मी टाळ्या वाजवल्या. ती घाम पुसत हसली. "उगीच टाळ्या वाजवून राहिली तू. माझ्यात काही असतं तर दिल्लीवाल्यायनं बोलावलं नसतं काय?"

तो मेल मी डिलीट केलेला नाही. फोन तिथंच होता, माझ्या मांडीवर.

मी विचारलं, "चहा मांडू काय?"