हरीकाका आणि बोथट तलवारी

ऑनलाइन काही मागवायच्या आधी हरीकाकांसमोर कुणी मोबाइल धरला की ते आधी तळहातानं त्यातला फोटो झाकायचे. समोरच्याला वाटायचं, म्हाताऱ्याला नीट दिसत नाही. पण काका म्हणायचे, "आता खालचा लिवलेला वाच. फोटू बगला का मानूस आंधला व्हतो." मग डोळे मिटून ऐकत राहायचे, आणि मध्येच हात वर करून म्हणायचे, "थांब. हा परत वाच."

शेलार गावात आमची घरं लागून होती. काकांनी निजामपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये तीसेक वर्षं लेथवर काम केलं होतं. पॉवरलूमचे सुटे भाग बनवायचं काम. लोखंडाचा तुकडा हातात आला की तो नखानं टिचकवून कानाशी न्यायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही; आमच्या घरचा नवा तवासुद्धा त्यांनी असाच वाजवून पाहिला होता आणि "बरा हाय" म्हणून परत दिला होता. काकी लवकर गेल्या. मुलगी रेखा हायस्कूलमध्ये खेळाची शिक्षिका. मी पडघ्याच्या रस्त्यावरच्या एका गोडाऊनमध्ये कामाला. ऑनलाइन मागवलेला माल गिऱ्हाइकाकडून परत आला की तो उघडून तपासायचा, हे माझं काम.

रेखा शाळेतल्या मुलींना लाठीकाठी आणि तलवारीचे हात शिकवायची. जिल्ह्याच्या कार्यक्रमात तिच्या दहा मुलींची निवड झाली आणि तलवारींचा प्रश्न आला. जत्रेतल्या पत्र्याच्या तलवारी दोन वार झाले की वाकायच्या. खऱ्या तलवारी मुलींच्या हातात देण्याचा प्रश्नच नव्हता. कुणीतरी रेखाला सांगितलं की चायनाच्या नकली तलवारी ऑनलाइन मिळतात, बिनधारेच्या, वजनाला बेताच्या, सरावासाठीच बनवलेल्या. तिनं मोबाइलवर शोधलं तर विकणारेच चाळीसपन्नास निघाले. ती वडिलांकडे आली.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "चायनाचा माल, काका. कशाला फंदात पडता?"

काका म्हणाले, "चायनाला काय झाला? तिकडं पन टर्नर हायत. तू जसा सांगशील तसा तो बनवतो. सस्त्यातला सांगितला त सस्त्यातला. खोटा इकनारा असतो, बनवनारा नसतो."

पुढचा महिनाभर रोज संध्याकाळी मी कामावरून आले की काका ओट्यावर वाट बघत बसलेले असायचे. मी वाचायची, ते ऐकायचे. कौतुक करणाऱ्यांचे अभिप्राय ते वाचूच द्यायचे नाहीत. "पाच तारे देनारा पावना असतो, एक देनारा भांडलेला. तू तीनवाल्याचा वाच. त्याला मालातला बरावाईट दोन्ही दिसलाय." तक्रारीखाली विकणाऱ्यानं काय उत्तर दिलंय, हे मात्र ते दोनदोनदा ऐकायचे. सगळ्यांना एकच छापील उत्तर चिकटवणारे विकणारे त्यांनी तिथंच सोडून दिले.

उरलेल्या सहासात जणांना त्यांनी माझ्याकडून एक प्रश्न लिहून घेतला. ह्या तलवारीनं नारळ फुटेल का?

मी म्हटलं, "काका, आपल्याला नारळ कुठं फोडायचाय?"

"लिव तर खरा."

दोघांची उत्तरं आलीच नाहीत. चौघांनी लिहिलं, हो, आरामात फुटेल. एकानं तर फुटण्याची हमीच दिली. एका विकणाऱ्यानं मात्र लिहिलं, नाही, पातं वाकेल, ही तलवार फक्त सरावासाठी आणि शोभेसाठी आहे, कृपया असं काही करू नका. मी ते वाचलं तशी काकांनी मांडीवर हात मारला. "हा आपला. ज्याला न्हाय बोलता येतं त्याच्याकडनं घ्यावा."

तरी त्यांनी लगेच मागवल्या नाहीत. त्या माणसाकडून मूठ काढलेल्या तलवारीचा फोटो मागवला, शेजारी कागदावर रेखाचं नाव लिहून, म्हणजे दुसऱ्याचा फोटो खपवता येणार नाही. तोही आला. पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं होतं. ह्या एकाच गोष्टीवर त्यांचा सगळा जीव होता. "मुठीच्या आत काय हाय ते बाहेरनं दिसत न्हाय. आनि तलवार तुटते ती तिथंच तुटते." मग त्यांनी एकच तलवार मागवली, जुन्या मालकाच्या वर्कशॉपमध्ये नेली, पकडीत आवळली आणि हातोड्यानं ठोकून ठोकून पाहिली. वाकली, तुटली नाही. घरी आले ते एखाद्या मुलीचं लग्न जमवून आल्यासारखे.

दहा तलवारी मागवल्या. त्या आल्या तेव्हा मुठी सरसानं पक्क्या बसवलेल्या होत्या. उघडायची तर फोडावीच लागणार. काकांनी दोन मुठी फोडल्या, आत बघितलं आणि नव्यानं बसवल्या. दोन्ही चोख होत्या. बाकीच्या आठ फोडायच्या तर चार दिवस गेले असते आणि कार्यक्रम पुढच्याच आठवड्यात होता. रेखा म्हणाली, "आबा, एकाच ठिकाणच्या आहेत. किती बघणार?" काकांनी उरलेल्या आठही टिचकवून कानाशी धरल्या आणि मान डोलावली.

शनिवारची सकाळची शाळा होती. मैदानावर सराव चालला होता. पहिल्या रांगेतल्या मुलीनं वार फिरवला आणि पातं मुठीपासून तुटून मागं गेलं. मागच्या रांगेत रोशनी होती. वरच्या पाड्यावरून रोज चालत शाळेला येणारी, नववीतली. चेहरा वाचवायला तिनं हात वर केला. तुटलेलं टोक तिच्या उजव्या तळहातात, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी घुसलं. रेखा सांगायची, जिची तलवार तुटली ती मुलगी नुसती मूठ हातात धरून त्याच पवित्र्यात उभी राहिली होती. तिला हलवून खाली बसवावं लागलं.

मुठीच्या आत पातं नव्हतंच. पेन्सिलीएवढी सळई होती, पात्याला डाग देऊन जोडलेली.

सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. रोशनीची आई जानकी वीटभट्टीवरून तशीच आली होती, पायांना लाल माती. काका बाहेरच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी. जानकी समोर आली तसे ते उठून उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी जुळवून ठेवलं असावं, कारण ओठ हलत होते. पण त्याआधीच ती म्हणाली, "तुमी बगूनच आनली आसंल, काका. तुमी काय मुद्दाम केला काय?"

त्यावर काका खाली बसले ते डॉक्टर बाहेर येईपर्यंत उठले नाहीत. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी उरलेल्या सातही मुठी फोडल्या. चारांत अखंड पातं. तिनांत सळई. ते आकडे ते पुन्हा पुन्हा मोजत बसले. एकाच विकणाऱ्याकडच्या, एकाच दिवशी आलेल्या, बाहेरून तंतोतंत सारख्या.

सोमवारी मी ड्युटीवर असताना गेटवरून निरोप आला, कुणी तुमचे काका आलेत. खोक्यावर माल जिथून निघाला त्या जागेचा पत्ता छापलेला असतो. तो आमच्याच गोडाऊनचा होता. इतके दिवस ते मलाही सुचलं नव्हतं. रोज हजारो खोकी आमच्याकडून जातात. काका वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोडकी तलवार पिशवीत घालून गेटशी उभे होते आणि वॉचमन त्यांना म्हणत होता, "चाचा, ये लेके अंदर नहीं जाने का."

"मना आत जायाचा न्हाय. इकनाऱ्याला भाईर बोलवा."

मी सुपरवायझरला बोलावून आणलं. तो भला माणूस होता, त्यानं काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मोबाइलवर ऑर्डर बघितली आणि म्हणाला, "रिटर्नची विंडो क्लोज झालीय, काका. कंप्लेंट टाका, उत्तर येईल."

"खिडकी बंद झाली तं दरवाजातनं सांगतो. कोन हाय तो, कुठं बसतो?"

"इथं कोणी बसत नाही. इथं फक्त माल असतो."

काका गेटमधून आत बघत राहिले. छतापर्यंत रॅक, त्यांच्यामधून ट्रॉल्या ढकलणारी पोरंपोरी, शिफ्ट बदलायची घाई. ते माणूस शोधत होते. त्यांना माझ्याकडे बघताना पाहून मी मान खाली घातली.

कारण मला एक गोष्ट माहीत होती. संध्याकाळी ओट्यावर मी त्यांना ती सांगितली. न सांगता राहवलं नाही, आणि सांगून कुणाचं भलं झालं तेही मला आजवर कळलेलं नाही. एकसारखा माल, खोक्यावरचा कोडही एकच, असं असेल तर चार वेगवेगळ्या विकणाऱ्यांचा माल आमच्याकडे एकाच खणात ठेवतात. ऑर्डर एकाची असते आणि हाताला येईल ते खोकं जातं. परत आलेला मालही तपासून, बरा दिसला तर, त्याच खणात जातो. तो तपासणाऱ्यांत मी होते. मी सील बघते, डाग बघते, मोडतोड बघते. मूठ फोडून बघत नाही. तशा तलवारी माझ्या हाताखालून गेल्या होत्या का, हे मला आठवत नव्हतं आणि आठवणं शक्यही नव्हतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तो खरा व्हता?"

"असू शकेल, काका."

"मंग मी चुकलो कुठं?"

मग स्वतःच म्हणाले, "तू पन न्हाय चुकली," आणि उठून आत गेले. हे त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटलं की खरंच, ते मला ठाऊक नाही.

त्या विकणाऱ्याचं उत्तर आठवड्यानं आलं. मुलीला दुखापत झाल्याचं वाचून फार वाईट वाटलं, असं त्यात लिहिलं होतं, आणि तुटलेल्या तलवारीच्या बदल्यात नवी पाठवतो. तीही आली. काकांनी तिची मूठ फोडली. आत अखंड पातं होतं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. इतकी चांगली तलवार त्या सगळ्या मालात दुसरी नव्हती. त्यांनी ती अंगणात भिंतीला टेकवून ठेवली आणि रेखा घेऊन जाईपर्यंत तिच्याकडे पाठ करून बसले.

रेखानं तलवारी बंद केल्या. मुली लाठीवर परत आल्या. काकांकडे मोबाइल घेऊन येणारे मात्र बंद झाले नाहीत. मिक्सर, चप्पल, पाण्याचा पंप. काका म्हणायचे, "मना इचारू नको." लोकांना वाटायचं, म्हातारा भाव खातो. पुढच्या दिवाळीच्या आसपास ते गेले. झोपेतच गेले, कुणाला काही करायची संधी न देता. माणसं खूप आली होती आणि बहुतेक जण त्यांनी निवडून दिलेल्या कुठल्या तरी वस्तूबद्दल बोलत होते.

मला त्यांची आठवण येते ती त्याआधीच्या पावसाळ्यातल्या एका दुपारची. रोशनीची दोन बोटं वळत नव्हती ती नव्हतीच. दवाखान्यात शिकवलेला व्यायाम चालू होता, डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं, आणि दहावीच्या परीक्षेत तिचा पेपर दुसरी मुलगी लिहिणार असं ठरत होतं. मला सुट्टी होती, काकांकडे डाळ द्यायला गेले होते. जानकी आली. पदराखालून मोबाइल काढून तिनं माझ्यापुढे धरला. "बाय, हा वाचून दाखव काकांना."

स्प्रिंगा लावलेला हातमोजा होता. एकवीस दिवसांत वाकडी, ताठर, मेलेली बोटं पूर्ववत. लाखो समाधानी रुग्ण. मी वाचत गेले. काका जमिनीकडे बघत ऐकत होते. मला वाटलं, मना इचारू नको म्हणतील. पण तिला ते तसं म्हणू शकले नाहीत.

"विचारा की त्याला, काही प्रश्न," मी म्हटलं.

"इचारायची गरज न्हाय." त्यांनी जानकीकडे बघितलं. "खोटा हाय, बाय. नको मागवू. ह्यानं बोटा वलनार न्हाईत."

जानकीनं माझ्या हातून मोबाइल घेतला, बंद केला, पदरानं पुसला. दवाखान्यातही न रडलेली बाई आमच्यासमोर रडायला लागली, आवाज न करता.

"खोटा हाय ते मना बी म्हायत व्हता," ती म्हणाली. "तुमी खरा हाय म्हनाल, म्हनून आलते."