मोझेलकाठी पढवलेला जबाब

अर्जदार: मी, वय सत्तावन्न, धंदा अर्जलेखन, शिक्षण नववीपर्यंत. गैरअर्जदार: तोच. ठिकाण: जर्मनी, मोझेल नदीच्या काठचा सायकलरस्ता, दोन गावांच्या मधला, द्राक्षमळ्यांखालचा भाग. दिवस: शाळांच्या फिंग्स्टन सणाच्या सुट्टीतला, प्रवासाचा दुसरा, न्याहारीनंतर अंदाजे तासाभराने. साक्षीदार: एकच, अर्जदाराची नात, वय आठ. इजा झालेली व्यक्ती: एक जर्मन गृहस्थ, वय ऐंशीच्या घरात. नावांचा रकाना मुद्दाम कोरा सोडला आहे. ज्याला शरम वाटायला हवी त्याला ती नावावाचूनही वाटते आहे.

तालुक्याच्या कचेरीसमोर मी तीस वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. वारसनोंद, बांधाचा वाद, रेशनकार्डातली चुकलेली वये, अडकलेली पेन्शन. समोरचा माणूस तोंडाने गोंधळ सांगतो आणि मी त्याचे कागदावर प्रकरण करतो. शाळा नववीत सुटली, तरी वकिलांनी माझा मसुदा जसाच्या तसा टायपिंगला दिल्याची उदाहरणे आहेत. हे बढाई म्हणून लिहीत नाही. पुढे जे घडले ते याच कसबातून घडले, सबब ते आधी नोंदवणे भाग आहे.

मुलगी व जावई कार्ल्सरूहेला असतात. जावई गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. सुट्टीत चार दिवस नदीकाठाने सायकलवरून जायचे, रोज नव्या गावी मुक्काम करायचा, असा त्यांचा बेत होता. सौभाग्यवतींनी गुडघ्यांचे कारण सांगून घरी राहणे पसंत केले. मी निघालो. विश्रांतीसाठी रजा घ्यायची आणि ती पायडल मारण्यात घालवायची, हे मला प्रथम पटले नव्हते. पण जावयाने बोलावले आणि सासरा मागे राहिला, असे व्हायला नको होते.

ट्रिअरला सायकली भाड्याने घेतल्या. मला विजेवर चालणारी मिळाली. जावयांनी माझ्या हेल्मेटचा पट्टा आवळता आवळता बजावले, "बाबा, इथे उजव्या बाजूने चालवायचं. वळणावर तर नक्कीच."

"जावईबापू, मी चौथीपासून सायकलवर आहे."

"हो, पण डाव्या बाजूच्या देशात."

"अरे, किती वेळा सांगशील?" मुलगी म्हणाली. "कळतं बाबांना."

मला कळत होते. परंतु तीनदा सांगितल्यामुळे मी ते मनावर घ्यायचे नाही असे ठरवून टाकले.

पहिला दिवस मात्र असा गेला की तेवढाच आठवावा आणि थांबावे. एका हाताला संथ, हिरवट पाणी, दुसऱ्या हाताला अंगावर येणारा चढ आणि त्यावर थेट माथ्यापर्यंत द्राक्षांच्या ओळी. एवढ्या उभ्या उतारावर माणसे उभी कशी राहत असतील याचा विचार करून माझीच पिंढरी दुखू लागली. बाकाबाकांवर माझ्याहून वयस्कर जोडपी पाव आणि चीज खात बसलेली असत आणि जाणाऱ्या प्रत्येकाला हात करत. दुपारी आम्हीही एका बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. नात सबंध दिवस माझ्याबरोबर होती. घरी ती आईबापांना जर्मनमध्येच उत्तरे देते. माझ्याशी मात्र अडखळत का होईना मराठी बोलायची, आणि हा मान जगात फक्त मला आहे हे मी ओळखून होतो.

"आजोबा, हा हंस नाही. ही हंसाची बाई आहे."

"कशावरून?"

"ती ओरडते आणि तो ऐकतो."

शाळेत तिने वर्गासमोर माझ्यावर पाच वाक्ये बोलून दाखवली होती. माझे आजोबा लोकांसाठी सरकारला पत्र लिहितात आणि मग सरकारला ऐकावं लागतं, असे त्यातले एक. मुलीने ते मला सांगितले तेव्हा मी चहा पिण्याचे निमित्त करून तोंड कपाआड केले होते.

आता प्रकरण. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी व जावई पुढे गेले होते. मी मधे, नात माझ्या मागे. रस्ता एका झुडपाला वळसा घालतो तिथे मी डाव्या बाजूने, मोटर जोरात ठेवून, शिरलो. समोरून ते गृहस्थ त्यांच्या योग्य बाजूने येत होते. त्यांनी घंटी दोनदा वाजवली. त्यांची नजर सरळ माझ्यावर होती. इतकी सरळ की मला त्यांच्या डोळ्यांचा रंग आजही सांगता येईल. मला चुकवायला त्यांनी सायकल बाहेर काढली आणि ते दगडांच्या कडेवर उजव्या हातावर पडले. मला ओरखडासुद्धा नाही.

कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईंनी धावत येऊन त्यांना उठवून बसवले आणि फोन लावला. मुलगी व जावई मागे वळून येईपर्यंत तीन-चार मिनिटे गेली असतील. तेवढ्या वेळात त्या माणसाला पाणी देणे हे माझे काम होते. मी दुसरे काम केले. नातीला बाजूला घेतले.

"पोलीस येतील," मी म्हणालो. "तू एवढंच सांगायचं. ते आजोबा नदीतल्या बोटीकडे बघत होते. त्यामुळे ते मधे आले."

"पण आजोबा, तुम्ही ह्या बाजूनी..."

"मी सांगतो तेवढंच. परत विचारलं तरी तेच. शहाणी ना माझी?"

माझ्या धंद्यात याला साक्षीदार पढवणे म्हणतात. जबाब आखूड असावा. त्यात एक गोष्ट खरी असावी, म्हणजे बाकीचे तिच्या आधाराने उभे राहते. नदीत पांढरी प्रवासी बोट खरोखरच होती. हे मला त्या घाईतही सुचले, आणि सुचल्याचे किंचित समाधान वाटले, हेही इथे लपवत नाही.

आलेल्या पोलिसांत एक बाई होत्या. त्या नातीसमोर उकिडव्या बसल्या. नातीने माझ्याकडे पाहिले नाही. माझे वाक्य जर्मनमध्ये सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, तिने तेच सांगितले. बाईंनी लिहून घेतले आणि शाबासकी म्हणून तिच्या हातात अंधारात चमकणारी एक पट्टी ठेवली.

गृहस्थ मनगट धरून ऐकत होते. ते हरकत घेतील म्हणून मी मनात पुढचा मुद्दा जुळवत होतो. त्यांनी हरकत घेतली नाही. ते नातीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि हळूहळू मान हलवत काही बोलले. माझ्या मुलीने सांगितले, "ते म्हणताहेत, असेलही तसं. लहान मूल कशाला खोटं बोलेल? त्यांची मुलगी कधीची म्हणतेय, आता सायकल सोडा म्हणून." मग त्यांनी मला डावा हात पुढे केला, कारण उजवा सुजला होता, आणि माझी माफी मागितली. तो हात मी हातात घेतला. तीस वर्षांत माझ्या मसुद्याने अनेक प्रकरणे फिरली असतील. पण विरुद्ध बाजूचा माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास माझ्यासमोर काढून ठेवताना मी कधी पाहिला नव्हता, कारण निकालाच्या वेळी मी कचेरीच्या आत कधी नसतोच.

रुग्णवाहिका त्यांना तपासायला घेऊन गेली. पोलिसांनी दोघांचे फोन नंबर लिहिलेला कागद जावयांकडे दिला.

दुपारी आइस्क्रीम खाताना जावई म्हणाले, "बाबा, इथे येऊनही पंचनामा करून घेतलातच!"

मी हसलो. नातीचे आइस्क्रीम वितळून तिच्या मनगटावर ओघळले तरी तिने ते तोंडाला लावले नाही. मी रुमाल पुढे केला तेव्हा ती काहीतरी जर्मनमध्ये बोलली.

"अगं, आजोबांना मराठीत सांग," मुलगी म्हणाली.

"नाइन." म्हणजे नाही, एवढे जर्मन मला कळत होते.

"झालं, पोरगी आज संपावर," जावई म्हणाले.

तेव्हापासून ती माझ्याशी जर्मनच बोलू लागली. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होती, नीट, न चिडता. फक्त मला कळणार नाही अशा भाषेत. ती काय म्हणते हे समजून घ्यायचे तर तिच्या आईला मधे घ्यावे लागले असते, आणि तिने नेमके काय म्हटले असेल या भीतीने मी कोणालाच मधे घेतले नाही.

तिसऱ्या दिवशी प्रत्येक वळणावर ती सायकलवरून उतरून, रस्त्याच्या अगदी उजव्या कडेने सायकल ढकलत चालू लागली. एका धरणाच्या दरवाजांपाशी आम्ही थांबलो. बोट आत घेऊन दरवाजे मिटत होते आणि पाणी हळूहळू खाली जात होते. मुलगी जावयांना म्हणाली, "घाबरलीय पोर. त्या म्हाताऱ्यामुळे. असल्या लोकांना घरच्यांनी सायकल द्यायलाच नको. चल, आपण ट्रेननं परत जाऊ या."

मी सांगितले. बसून, पाण्याकडे पाहत, मागचापुढचा खुलासा न जोडता. कोणत्या बाजूने मी शिरलो, घंटी किती वेळा वाजली, नातीला मी काय शिकवले.

"तिला बोलायला लावलंत तुम्ही?" मुलगी एवढेच म्हणाली. जावयांनी हेल्मेट काढले आणि लेकीला जर्मनमध्ये काही विचारले. तिने होकारार्थी मान हलवली. मग ते माझ्याशी अत्यंत आदराने, परक्या पाहुण्याशी बोलावे तसे, पाणी हवे का विचारू लागले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला मान खाली घालून ऐकता तरी आले असते.

तिथूनच मुलीने फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. गृहस्थांचा आवाज प्रसन्न होता. हाड मोडलेले नव्हते, फक्त मुरगळले होते. मुलीने सगळे खरे सांगितले. पलीकडून ते सावकाश बोलू लागले, आणि ऐकता ऐकता मुलीचा चेहरा उतरत गेला. तिने मराठीत सांगितले ते असे: "ते म्हणतात, नाही, मला आता आठवतंय. मी बोटीकडेच बघत होतो. मागे झेंडा होता, लोक हात करत होते. तुझ्या वडिलांचं मन मोठं आहे, पण त्यांनी माझ्यासाठी दोष घेऊ नये. आणि त्या लहानगीला तिचा खरा शब्द मागे घ्यायला लावू नका, ते बरोबर नाही." सायकल त्यांनी तळघरात नेऊन ठेवली होती. चाकांतली हवाही काढून टाकली होती.

नात ऐकत उभी होती. तिला भाषांतराची गरज नव्हती.

माझा जबाब इतका पक्का बसला होता की आता माझे खरे बोलणेच पढवलेले ठरले. हे मी धंद्यात पूर्वी पाहिले आहे. माणूस आपल्याविरुद्ध लिहिलेले वारंवार ऐकतो आणि एके दिवशी तसेच आठवू लागतो. तेव्हा ते मला माझ्या लेखणीचे सामर्थ्य वाटत असे.

कार्ल्सरूहेला परतल्यावर मी पोलिसांना व त्या गृहस्थांना दोन पत्रे लिहिली. मुलीने ती जर्मनमध्ये उतरवली. चार मसुदे फाडले, कारण प्रत्येकात मी कुठेतरी सुटायला जागा ठेवत होतो. मुलगी ती जागा बोटाने दाखवी आणि कागद परत करी. गृहस्थांना पाठवलेल्या पत्राचा शेवट इथे देतो. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही, म्हणून ही मागणी कायम समजावी.

तरी आपणांस नम्र विनंती की, आपली नजर त्या दिवशी शाबूत होती व चूक सर्वस्वी माझी होती, हे माझ्या मोठेपणाचे बोलणे न समजता घडलेली गोष्ट म्हणून मान्य करावे. सायकल तळघरातून वर आणावी. आपला जो काही निर्णय होईल तो कृपया लेखी कळवावा. आपले उत्तर मराठीत करून मागण्याचा हक्क मी नातीपाशी गमावला आहे. तरीही ते पाकीट मी प्रथम तिच्याच हाती देईन, आणि तिने उघडेपर्यंत थांबेन. न्याय मिळावा.