खुंटीवरचं उपरणं

वणीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं निरोप सांगितला, तेव्हा मी दुकानात धोतरजोड्यांच्या घड्या लावत होतो. बबनभाऊ गेला. तिकडे एका शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलायला गेला होता. भाषण झालं, टाळ्या झाल्या, त्यानं चहा मागितला आणि खुर्चीतच मान टाकली. टाळ्या ऐकून गेला म्हणजे त्याच्या मनासारखंच झालं, असं मी कंडक्टरला म्हणालो खरा, पण पुढची घडी काही केल्या जमेना...

बबनभाऊ माझा थोरला भाऊ, घाटंजीच्या बाजारातला कापसाचा दलाल. तेव्हा सौदे उपरण्याखाली होत. दोघांचे हात झाकायचे, बोटं धरून भाव सांगायचा, आणि आतली गोष्ट बाहेर कोणाला बोलायची नाही, हा रिवाज. छप्पन साली आपला भाग मुंबई राज्यात गेला. आता इकडे कारखाने येणार, असं जो तो बोलू लागला आणि भाऊच्या डोक्यात जिनिंग-प्रेसिंगची कंपनी शिरली. तिचे शेअर त्यानं उपरण्याखालीच विकले. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच स्वस्तात मिळाला. रिवाजापायी कोणी कोणाला विचारलं नाही. भूमिपूजनाचा नारळ फुटला, पेढे वाटले, यंत्र मात्र कधी आलंच नाही. यवतमाळच्या कोर्टात भाऊला शिक्षा झाली.

सगळ्यात जास्त पोळला तो हरसिंग नाईक, भाऊचा लहानपणापासूनचा दोस्त. पूर्वी बैलांवर माल वाहणाऱ्या आणि आता शेती करणाऱ्या तांड्याचा तो नाईक. त्याच्या शब्दावर अख्ख्या तांड्यानं शेअर घेतले होते. पुढे तांड्यानं त्याला भांडणं मिटवायला बोलावणंच सोडलं. नाईकाला त्याहून मोठी शिक्षा नसते.

भाऊ सुटून आला तो वाळून, पण जीभ होती तशीच. एका गणेशोत्सवात यवतमाळचे वक्ते आले नाहीत. मंडळी खोळंबली होती. कोणीतरी थट्टेनं ओरडलं, बबनलेच उभं करा. तो खरंच उठला. खांद्यावरचं उपरणं काढून मांडवाच्या खिळ्याला अडकवलं, दोन्ही हात लोकांपुढे उघडे धरले आणि म्हणाला, "मी तुमाले फसवलं. कसं फसवलं ते सांगतो, म्हणजे दुसरा आला तर वळखता येईन."

त्या रात्री माणसं हसली, चिडली, पण उठून कोणी गेलं नाही. मग आमंत्रणं सुरू झाली. शाळा, वाचनालयं, पार झरीकडच्या जंगलातली गावं. पडलेल्या माणसानं उठायचं कसं, हे तो असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणही एकदा पडून पाहावं! पहिले शेअर इकले, आता उपदेश इकते, असं बाजारात म्हणत. मलाही कधीकधी तसंच वाटे. तोच माणूस, तीच गोड जीभ. खरा कोणता, हे सख्ख्या भावालाही सांगता येत नव्हतं. एकदा जेवताना मी तसं तोंडावर बोललो. तो रागावला नाही. "जिल्हाभर टाळ्या भेटल्या," म्हणाला, "हरसिंग आला नाही तोवर सारं फुकट हाये."

दर बाजाराच्या दिवशी भाऊ नाईकाच्या बैलगाडीजवळ जाऊन उभा राही. नाईक मान फिरवून बैलांना वैरण टाकी. वर्षांमागून वर्षं हेच चाललं.

आणि एका बाजाराला, कडुनिंबाखाली भाऊ बोलत असताना, मागून नाईक उठला. सरळ पुढे आला. फांदीवर टांगलेलं उपरणं त्यानं काढलं, भाऊच्या उघड्या हातावर टाकलं आणि खाली आपला हात घातला. सारा बाजार माना उंचावून बघू लागला. काय भाव सांगितला असेल? भाऊचा चेहरा पांढरा पडला, डोळे भरून आले. भाषण तिथंच संपलं. घरी मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाला, सौद्यातलं बाहेर सांगत नसतात. मला तर त्याही वेळी वाटलं, नाईकानं सगळ्यांदेखत हिशेब मागितला असणार.

तेरवीला नाईक आला. म्हातारा झालाय आता. ओसरीवर टेकला. भाऊचं उपरणं खुंटीवर होतं, माझ्याच दुकानातलं, काठ विरलेलं. न राहवून मी विचारलंच, नाईक, त्या दिवशी काय भाव केला होता?

"भाव कायचा? बोट देल्लंच नाई," तो म्हणाला. "फसवणाऱ्याचा हात मले मालूम होता, थंडा राह्यचा. त्या दिवशी धरला, तं थरथरून राह्यलता. मंग तसाच धरून ठेवला... तो आता गेला. तुमाले सांगतलं तं चालते."

भाऊला ओळखायला मला जन्म पुरला नाही, याला एक हात पुरला.

नाईक उठला, उपरणं खुंटीवरून काढलं, माझ्या हातावर टाकलं आणि खालून माझा हात धरला. कितीतरी वेळ. एकही बोट हललं नाही.