अँटवर्पचं वाण

मला इथे गाडी चालवता येत नाही, हे आधी सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. पुण्यात भर लक्ष्मी रोडवर स्कूटर दामटणारी मी, इथल्या परीक्षेत दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा बसायची हिंमत होईना. म्हणून इथे नेदरलँड्समध्ये, डीमन गावात आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका मैत्रिणीला विचारलं, अँटवर्पला येतेस का. विचारलं कसलं, तिला कामाला जुंपलं म्हणा.

कोरोनाचं दुसरं वर्ष सरत होतं. नेदरलँड्सने डिसेंबरात पुन्हा टाळं लावलं. सुपरमार्केट आणि औषधांची दुकानं तेवढी उघडी, बाकी सगळा शुकशुकाट. आणि दोन तासांवर बेल्जियममध्ये सगळं राजरोस चालू! मग काय, जो तो गाडी काढून सीमेपलीकडे. मला संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी वाण घ्यायचं होतं. एरवी कोणीतरी भारतातून बॅगेत घालून आणायचं, त्या हिवाळ्यात कोणी गेलंच नव्हतं. ऑनलाइन मागवता आलं असतं, कशाला खोटं बोलू. पण तीन आठवडे नवऱ्याच्या मीटिंगा ऐकून माझं डोकं उठलं होतं. मला चार माणसं बघायची होती आणि कॅफेत बसून कपातून कॉफी प्यायची होती.

ती मैत्रीण माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. तिचा नवरा दुसऱ्या लाटेत गेला. वडिलांना बघायला म्हणून पुण्याला गेला, वडील वाचले आणि हा गेला. तिने इथे स्वयंपाकघरात बसून फोनवर सगळं पाहिलं. तेरा दिवस मी तिला डबा दिला, रोज दारात ठेवून बेल वाजवायचे. त्याचा मला फार अभिमान होता. आता आपलं कर्तव्य झालं, असंच वाटलं मला.

आम्हा बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. तीही त्यात होती. काढून टाकलं असतं तर बरं दिसलं नसतं. म्हणून मी नवा ग्रुप केला, मी आणि बाकीच्या अकरा जणी, आणि जुना तसाच पडू दिला. कोणी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिला वाटायचं, कोरोनाने सगळ्याच कंटाळल्यात. वाढदिवसाच्या शुभेच्छा ती जुन्या ग्रुपवर टाकत राहायची. मी कधीमधी एक अंगठा उमटवायचे, म्हणजे संशय नको.

हळदीकुंकवाला ती नको, हे मी ठरवूनच टाकलं होतं. वाण आणायला मात्र तिची गाडी हवी होती. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, त्यात मी गरज सरायच्या आधीच वैद्याला वगळलं होतं.

सकाळी ती खाली आली तेव्हा नटली होती. नवी पर्स, ओठांना काहीतरी लावलेलं, कपाळावर बारीक काळी टिकली. गाडी नवऱ्याची होती, आरशाला त्याने बांधलेली गणपतीची छोटी मूर्ती अजून तशीच. मी बाकरवडीचा डबा उघडून मांडीवर घेतला आणि तिला भरवत बसले. सीमेजवळचं ब्रेडा मागे टाकलं, सीमा कधी ओलांडली कळलंही नाही. अँटवर्पच्या पार्किंगमध्ये जिकडे बघावं तिकडे नंबराच्या पिवळ्या पाट्यांच्या गाड्या, सगळे आपलेच डच.

आम्ही कॅफेत बसलो. ती खूप बोलली, कित्येक महिन्यांचं साठलेलं. स्लोटरडाइकचं ऑफिस बंद, घरी एकटीच, कधीकधी दिवसभरात तोंडातून शब्द निघत नाही आणि कॉल सुरू झाला की आवाज फुटत नाही, असं म्हणाली. मी तिला घेऊन आले म्हणून तिने तीनदा आभार मानले. मग म्हणाली, गेल्या संक्रांतीला सगळे घरातच अडकलेलो, यंदा काळी साडी नेसते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडात वॅफल होतं, समोर गरम कॉफी होती, आणि परतीचे दोन तास तिच्याच हातात होते. मी म्हणाले, "नेस की. छान दिसते तुला."

दुकानात एका वेळी दोघींनीच एकत्र फिरायचं, असा तिथला नियम. आम्ही दोघीच होतो. लाकडी झाकणाच्या, बुटक्या काचेच्या बरण्या तिनेच शोधून काढल्या. मी कुठल्यातरी फुलाफुलांच्या बश्या धरून उभी होते, तिने त्या माझ्या हातून काढून घेतल्या. म्हणाली, बश्या सगळ्यांकडे असतात, बरणीत तिळाच्या वड्या भरून देता येतील. प्रत्येक बरणी उजेडात धरून तडा बघितला, झाकण लावून पाहिलं. बारा बरण्या काढल्या.

मी म्हटलं, अकराच पुरेत.

तिला वाटलं माझी मोजणी चुकली. एकेकीचं नाव घेऊन तिने बोटांवर मोजलं. अकरा झाल्या. मग हसून बारावी म्हणून बोट स्वतःकडे केलं.

मी तयारीने आले होते. म्हटलं, अगं, घरी दिवसाला दोनच पाहुण्यांची परवानगी आहे, रथसप्तमीपर्यंत कसंबसं जमवलंय, कोणालातरी गाळावंच लागणार. पण ती पडली हिशेबनीस बाई. ती म्हणाली, "ताई, दोघी-दोघी म्हणजे बारा बरोबर बसतात. अकरा केल्यात तर एक जण एकटी पडेल."

माझी लबाडी उघडी पडली याचाच मला राग आला, तिचाच राग आला. एवढी शिकलेली, हिला एवढं कळू नये? आणि मी बोलून गेले.

"अगं, सवाष्णींचं असतं ते."

बारावी बरणी तिने स्वतःच फळीवर परत ठेवली, लेबल पुढे येईल अशी फिरवून. उरलेल्या अकरा तिनेच कागदात गुंडाळल्या. मी रांगेत उभी राहिले, ती बाहेर जाऊन थांबली.

परतीच्या वाटेवर तिने गाडी नीट चालवली. मला वाटत होतं, रडेल, भांडेल, ब्रेडाच्या स्टेशनवर उतरवून देईल. तसं काही केलं असतं तर मला बरंच झालं असतं, मला तिच्यावर चिडता आलं असतं. उट्रेख्ट जवळ आलं तेव्हा तिने एकच विचारलं, "ताई, हे बाकीच्या म्हणाल्या की तुम्हाला वाटतं?"

कोणीच काही म्हणालं नव्हतं. मी कोणाला विचारलंच नव्हतं. माझा नवरा नुसता खोकला तरी मी त्याचं बोट ऑक्सिमीटरमध्ये घालायचे, आणि हिला जिन्यात बघितलं की मी दार लोटून घ्यायचे. तिच्या कपाळाला मी कुंकू लावायचं आणि तिने माझ्या, या विचाराने मला धडकी भरायची. संगणकावर पोट भरणारं आमचं घर, दोन लशी टोचून घेतलेलं, आणि माझ्या मनात हे. लाज वाटते, पण होतं ते होतं.

"बाकीच्या म्हणाल्या," मी सांगितलं.

तिने मान हलवली. घरी आल्यावर बरण्यांची पिशवी माझ्या दारापर्यंत आणून दिली.

हळदीकुंकू झालं. रोज दोघी यायच्या, खिडकी उघडी टाकून दोन खुर्च्या लांब मांडून बसायच्या. बरण्या सगळ्यांना आवडल्या. शेवटच्या दिवशी एकटी आली ती आमच्यातली सर्वांत मोठी बाई, साठीची. वाण हातात घेतल्यावर तिने मैत्रिणीची चौकशी केली. म्हणाली, मी मुद्दाम शेवटचा दिवस मागून घेतला होता, तिच्याबरोबर यावं म्हणून. तिला आधी मीच कुंकू लावणार होते, बघू कोण काय म्हणतंय ते.

मी तिळाची वडी पुढे केली.

"मी बोलावलं होतं हो," मी म्हणाले. "तीच नको म्हणाली. म्हणाली, तुम्हा बायकांत आता मला बोलावत जाऊ नका."

त्या बाईला फार लागलं. तिने ते बाकीच्या दहा जणींना सांगितलं. कोणी माझ्या मैत्रिणीला फोन केला नाही, तिचीच इच्छा म्हणून. वसंतात ती द हेगला राहायला गेली. सामान उतरवताना जिन्यात कोणी नव्हतं, आणि मी पडद्याआडून बघत होते.