भोकाच्या कुंडीतली पोपटी

दिवेआगर सोडलं ती संध्याकाळ मला वासाने आठवते. एसटी सुटायच्या बेतात असताना आबा, म्हणजे माझे वडील, धापा टाकत आले आणि कागदात बांधलेल्या वालाच्या गरम शेंगा त्यांनी खिडकीतून माझ्या मांडीवर टाकल्या. वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, वर पुन्हा पाला, मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. आत पाण्याचा थेंब नाही. सुखी राहा, पत्र पाठव, असलं काही आबा बोलले नाहीत. म्हणाले, "जातोस तं जा. पन मडकं कवा उतरायचं त्ये शिकला न्हायस."

कंडक्टरने तिकिटाआधी शेंगा मागितल्या.

खरंच शिकलो नव्हतो. शेंगा शिजल्या की वास बदलतो, तो नाकाने ओळखायचा असतो, आणि माझं नाक तेव्हा पासपोर्टात खुपसलेलं होतं. आता इंग्लंडात लेस्टरला चौदा वर्षं झाली. आई गेल्यापासून आबा वाडीत एकटे. वादळाने निम्मी वाडी आडवी केली, तिथे त्यांनी पुन्हा सुपारी लावली आणि तिला पाणी घालताना तिच्याशी गप्पा मारतात, असं शेजारी फोनवर सांगतात. मागच्या दिवाळीला मी त्यांना कसंबसं इकडे आणलं. परतीचं तिकीट नोव्हेंबर अखेरचं होतं. माझा डाव असा की हे गाव त्यांना इतकं आवडायला लावायचं, की त्यांनी आपण होऊनच मार्चपर्यंत राहावं. सरळ विचारायची छाती नव्हती. नाही म्हणाले असते तर पुढे काय बोलायचं?

म्हणून मी त्यांना मोसमातल्या सगळ्या सहली घडवल्या. आधी भोपळ्यांच्या शेतावर नेलं. इथे तिकीट काढून चिखलात उतरायचं, आपला भोपळा आपण वेचायचा, घरी आणून त्याला नाक-डोळे कोरायचे आणि आठवड्याने टाकून द्यायचा. भाजी कधी करायची, हे आबांनी माझ्या बायकोला तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही, स्वतःच उठून भोपळ्याचे घारगे केले. मग दीड तास गाडी हाकून पिवळी पानं बघायला गेलो. लोक झाडाखाली उभे राहून फोटो काढत होते. आबांनी एका झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "आपल्याकडं पान पिवळं पडलं तं खत घालतात." शोभेचं दारूकाम बघायला गावच्या मैदानावर नेलं, तर त्यांना सगळ्यात आवडली ती तिथली कचऱ्याची डबडी. किती दूर-दूर ठेवली होती, ते त्यांनी पावलांनी मोजलं.

डाव काही बसेना. शेवटचा शनिवार उरला तेव्हा मी म्हटलं, आबा, पोपटी लावूया.

ते खुलले. वालाच्या शेंगा कोपऱ्यावरच्या गुजराती काकांच्या दुकानात मिळाल्या. भांबुर्डा कुठला मिळायला, कोबीची वरची पानं घेतली. ती हुंगून आबा म्हणाले की हा पाला गावची ढोरंही तोंडात घेणार नाहीत. मडकं म्हणून बागेच्या दुकानातून मी मातीची कुंडी आणली होती. ती त्यांनी उलटी करून उजेडात धरली. बुडाला अंगठ्याएवढं भोक.

"भोपळा खायाचा न्हाय म्हन्तात, आन भांडं भोक पाडून इकतात," ते म्हणाले.

बायकोने कणकेचा गोळा दिला, त्याने भोक बुजवलं. जाळायला झावळ्या नव्हत्या, पण मी आठवडाभर झाडून ठेवलेला पाचोळा होता आणि घरपोच आलेल्या सामानाचे खोके होते. पोपटी दिवेलागणीलाच लावायची हा आबांचा नियम. इथे या दिवसांत दिवेलागण चार वाजताच होते, तेव्हा तीही सोय झाली. पाचोळा दमट, त्यामुळे धूर असा उठला की कुंपणापलीकडचे आजोबा वाकून, अगदी अदबीने, कुठलं रोप जाळताय म्हणून विचारून गेले.

आबांनी खुर्ची घेतली आणि जाळाकडे पाठ करून बसले. "आज तू सांगायचंस."

 बरोबर सांगितलं तर पोरगा शिकला म्हणून हा माणूस निश्चिंत मनाने विमानात बसणार. कच्चं किंवा करपलं तर काम अर्धं राहिलं म्हणून थांबेल कदाचित. बेचाळीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप, मी असला हिशोब करत, एका पायाने ठेका धरत उभा होतो. आणि मग वास आला. पाल्याचा उग्रपणा गेला, ओव्यामागून शेंगेचा गोड वास वर आला. अगदी स्पष्ट. मी आणखी खोका टाकला. बायको माझ्याकडे बघत होती, मी आभाळाकडे.

करपल्याचा वास मुलांनाही आला तेव्हा मी ओरडलो, झालं, झालं. कुंडी उघडली. वरचे दोन थर कोळसा. आबांनी काळी शेंग सोलली, आतला दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"वास आला व्हता तुला. मगाशीच."

मी म्हटलं, तुमची तर पाठ होती.

"तुजा पाय वाजायचा थांबला. ल्हानपनी चोरी केलीस की असाच थांबायचा." मग दुसरी शेंग सोलून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "ऱ्हा म्हनायचं, तं त्वांडानं म्हनावं. शेंगा कशाला जाळायच्या?"

मग मी तोंडाने म्हटलं. रडायलाही आलं; धूर होता, निभावून गेलं. त्यांनी तळातल्या चांगल्या शेंगा वेचून ताटली भरली आणि कुंपणापलीकडच्या आजोबांना देऊन आले. परत येऊन म्हणाले, "मी हितं बसलो तं थितं पोपटी कोन लावंल? तू कुटं येशील?"

ते ठरल्या दिवशी गेले. मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. त्यांनी लेस्टर नाकारलं असं मी चार-सहा महिने धरून बसलो. मग लक्षात आलं की मी घर उचलून इथे आणू बघत होतो आणि आबा ते तिथे जाग्यावर राखत होते, मला यायला ठिकाण असावं म्हणून.

यंदा जानेवारीत आम्ही चौघं जातोय. पाला, मडकं, झावळ्या सगळं तयार आहे आणि उतरवायचं मी, असं आबांनी फोनवर जाहीर केलंय. वास आता मला कळतो. वेळेवर सांगेन असं मात्र मी अजून कबूल केलेलं नाही.