आधी प्रसाद

पुतणीकडे सत्यनारायण होता. पोथी नेहमीप्रमाणे मीच वाचली. वाण्याच्या मुलीची गोष्ट मला चांगली रंगवता येते. नवऱ्याची नाव किनाऱ्याला लागल्याचं कळताच ती प्रसाद न घेता धावत सुटते आणि नवऱ्यासकट नाव बुडते. इथे मी मुद्दाम थांबते. बायका हळहळतात, पोरींना परस्पर धाक बसतो.

आरती झाली, शिरा वाटून होतोय तोच खाली गाडी थांबली. पुतणीचा नवरा कित्येक महिन्यांनी आखातातून येत होता. हातातला द्रोण टेबलावर ठेवून ती दाराकडे धावली.

"अगं, आधी प्रसाद!" मी ओरडले.

"काकू, आलेच ना!" ती म्हणाली खरी, पण उंबऱ्यावरून मागे फिरली. उभ्याउभ्या तिनं शिरा तोंडात कोंबला. तोवर तो जिना चढून आलाही, आणि सगळ्यांनी त्याला गराडा घातला. त्यातून त्याची नजर तिच्यावर गेली, तेव्हा तिचे गाल फुगलेले होते. तिला साधं "आलास?" म्हणता येईना.

तो वाणी पोथीभर नवस बोलतो, विसरतो, धडधडीत खोटं बोलतो. ते मी भराभर वाचून टाकते. पोर नुसती आनंदानं धावली, तर धाक घालायला आम्हाला तीच सापडली.

माझा शिरा द्रोणातच राहिला. पोथीतल्या मुलीनं घरी जाऊन प्रसाद खाल्ला, तेव्हा तिची बुडालेली नाव वर आली. हिची दारातली ती पहिली भेट मी आता कुठून वर काढू?